येतानाचा आवाज

१

आवाज होता, पण तो ऐकणारा माणूस एकच होता. शुक्रवारी संध्याकाळी त्याच माणसानं गाडीची किल्ली जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "घ्या. विकून टाका."

माणूस म्हणजे दादा. उभा जन्म दुसऱ्याच्या गाड्या चालवण्यात गेला. एका मोठ्या कंपनीच्या साहेबांचे ते ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःची गाडी घेतली, तीही वापरलेली, आणि तिला इतकं जपलं की शेजारीपाजारी तिला 'महाराणी' म्हणायला लागले. तीच महाराणी आता रविवारी सकाळी एक गिऱ्हाईक येऊन घेऊन जाणार होतं.

हे कळल्यावर वहिनींनी हळूच मागच्या खोलीत जाऊन नणंदेला फोन केला. "वन्सं, तुम्ही या. हा आवाज कुणी शोधून काढला तर तुम्हीच काढाल."

नणंद म्हणजे दादांची धाकटी बहीण. घरातल्या पोरांपासून गॅरेजवाल्यापर्यंत सगळे तिला आत्या म्हणत. आत्या विमा कंपनीत पाहणी अधिकारी होती. गोदामाला आग लागली, ट्रक दरीत गेला, दुकानाचं कुलूप तुटलं की कंपनी आत्याला पाठवायची. तिची एक पद्धत होती. काय झालं, असं ती कुणाला विचारायचीच नाही, कारण तसं विचारलं की माणूस गोष्ट रचून सांगतो. ती विचारायची, "तुम्ही तेव्हा कुठे बसला होतात?" जागा सांगताना सहसा कुणी खोटं बोलत नाही.

शनिवारी सकाळी आत्या आली तेव्हा दादा पायरीवर बसून महाराणीकडे बघत होते. अंगात इस्त्रीचा शर्ट होता, पण दाढी वाढलेली होती. दाढी न केलेला दादा आत्यानं जन्मात पाहिला नव्हता.

"कसला आवाज आहे, दादा?"

"डॅशबोर्डमधून येतो. डब्यात चिंचोके घालून हलवावेत तसा. समोरच्या काचेखालून येतो असं वाटतं. गाडी उभी असली की नाही. वेगात असली की सुरू. आणि जाताना येत नाही, येताना येतो."

"कुठे जाताना?"

"हिला टेकडीवरच्या शाळेत सोडायला जातो ना रोज. शिवण शिकवते ती. जाताना गाडी गप्प. हिला सोडून परत फिरलो की सुरू. खिशातल्या फोनवर रेकॉर्ड करून बघितलं, तर त्यात नुसती इंजिनाची घरघर. सगळ्यांना बसवून नेलं, कुणालाच ऐकू येत नाही. कानाच्या डॉक्टरांनी तपासलं, तर ते म्हणतात, कान ठणठणीत आहेत."

"मग चांगलंच आहे की!"

दादांनी तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांत भीती होती. ती लपवण्याचा प्रयत्नही त्यांनी केला नाही.

"चांगलं कसं? कान ठणठणीत असतील तर आवाज येतो कुठून? आईला शेवटी बंद रेडिओ ऐकू यायचा, आठवतंय ना?"

२

आत्याला आठवत होतं. आई म्हणायची, "अरे, तो रेडिओ जरा हळू करा," आणि रेडिओची वायर तर भिंतीवरच्या खिळ्याला गुंडाळलेली असायची. पहिल्यांदा सगळे हसले होते. मग आई नावं विसरली, मग माणसं विसरली, आणि सरतेशेवटी आपल्या पोटच्या पोरांना "आपण कोण?" असं अदबीनं विचारायला लागली. तेव्हापासून भावाबहिणीच्या मनात एकच धास्ती होती, आणि दोघांनी ती एकमेकांपासून लपवून ठेवली होती.

म्हणजे प्रश्न गाडीचा नव्हताच. गाडीत खरंच काही वाजत असेल, तर दादा शाबूत होते. वाजत नसेल, तर त्याचा विचारही आत्याला नको होता.

"चल," ती म्हणाली, "वहिनींना सोडायला मीही येते."

वहिनी पुढे बसल्या, मांडीवर शिवणाच्या सामानाची भली मोठी फुगलेली पिशवी. आत्या मागे बसली. रस्ता चढाचा होता. दादा गाडी चालवत तेव्हा दोन्ही हात स्टिअरिंगवर असत. गिअर बदलायला एक हात सुटे, पण लगेच जागेवर येई. रेडिओ नाही, गप्पा नाहीत, इकडेतिकडे चाचपणं नाही. साहेबांच्या गाडीतली शिस्त अंगात मुरली होती. मागे बसून आत्या कान देऊन ऐकत होती आणि डोळेही उघडे ठेवून होती. पुढच्या सीटच्या बाजूला सीट मागेपुढे करायचा दांडा असतो, त्याच्या फटीत तिला हिरव्या सुताचा एक झुबका अडकलेला दिसला. शिवणकाम करणाऱ्या बाईच्या गाडीत सूत सापडणारच, असं म्हणून तिनं ते सोडून दिलं. पण तिचं मन अशा बारीकसारीक गोष्टी टाकून कधीच देत नसे.

शाळेशी पोचेपर्यंत महाराणीनं हूं की चूं केलं नाही. वहिनी उतरल्या. आत्या मागेच बसून राहिली, पण गाडी काही हलेना.

"पुढे ये," दादा म्हणाले.

"अरे, दहा मिनिटांचा तर रस्ता. मागे बरी बसलेय."

"माझ्या गाडीत पुढची जागा आधी भरते." आवाज शांत होता, पण त्यापुढे काही बोलायची सोय नव्हती. "जन्मभर मागे माणूस बसवून गाडी चालवली मी. आता ही माझी गाडी आहे. इथे कुणी माझा साहेब नाही."

आत्या निमूटपणे पुढे येऊन बसली. हे घराणं उंच होतं. तिचे गुडघे थेट डॅशबोर्डच्या कप्प्यावर जाऊन टेकले. उंचीचे भोग, असं मनात म्हणत तिनं पाय आणखी जरा आवळून घेतले.

गाडी उतारावर लागली, वेग वाढला. दादांचा चेहरा ताठ झाला. हाच तो 'येतानाचा' रस्ता होता. आत्यानं डॅशबोर्डकडे कान केला. उतारावर टाकीतलं पेट्रोल पुढे येतं, इंजिनावरचा भार बदलतो, काहीतरी सैल होऊन थरथरत असेल, असा तिचा सकाळपासूनचा अंदाज होता.

गाडी घराशी येऊन थांबली. सगळा रस्ता महाराणी गप्प होती. अंदाज मातीमोल झाला.

उतरून आत्यानं गुडघ्यांवरची धूळ झटकली. दादा स्टिअरिंगवर हात ठेवून तसेच बसले होते.

"बघ," ते हलकेच म्हणाले. "कुणी बरोबर असलं की नाही. मी एकटा असलो की येतो. आता तूच सांग, असा आवाज गाडीत असतो की डोक्यात?"

३

गॅरेजवाल्याचं दुकान कोपऱ्यावर होतं. बुटका, गोल, हसरा माणूस. आत्याला बघताच त्यानं हातातला पाना खाली ठेवला.

"आत्या, देवाशपथ सांगतो, मी सगळं उघडून बघितलं. मीटरच्या मागचे स्क्रू आवळले, वायरी बांधल्या, हवेच्या जाळ्या काढून धुतल्या. त्यातून एक पेनाचं टोपण निघालं. मी म्हटलं, सापडला चोर! पण दुसऱ्या दिवशी दादा परत हजर."

"तुम्ही गाडी चालवून बघितलीत?"

"बघितली की. लांब हायवेपर्यंत."

"कोण कुठे बसलं होतं?"

"मी चालवत होतो. दादा बाजूला. ते काय गाडी माझ्या हवाली करून घरी जातायत होय? पोटच्या पोरीला पहिल्यांदा शाळेत सोडल्यासारखं तोंड करून बसले होते, गुडघे पोटाशी घेऊन." तो हसला आणि मग एकदम गंभीर झाला. "पण आत्या, एक सांगू? त्या दिवशी दादांनासुद्धा आवाज आला नाही. मी विचारलं, येतोय का? त्यांनी नुसती 'नाही' अशी मान हलवली. उतरले आणि निघून गेले. त्या दिवसापासून परत आले नाहीत."

आत्या दुकानातून बाहेर पडली ती विचारातच. दादा गाडीत होते, गाडी वेगात होती, तरी त्यांनाही आवाज आला नव्हता. भासच असता, तर तो जागा बघून कशाला आला असता? आईच्या रेडिओला खुर्ची कुठली आणि खाट कुठली, याचं काही पडलेलं नव्हतं. तो सगळीकडे वाजायचा.

पहिल्यांदाच आत्याला जरा बरं वाटलं. कोपऱ्यावर उभं राहून तिनं शेंगदाण्याची पुडी घेतली आणि खात खात ती भाचीच्या घराकडे निघाली.

४

दादांची लेक शाळेत शिकवायची. शनिवारची अर्धी शाळा आटोपून ती नुकतीच घरी आली होती. आत्याला बघून तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"आत्या, मला खलनायिका करू नकोस. गाडी विका असं मी म्हटलेलं नाही. मी फक्त म्हटलं, बाबा, थोडे दिवस चालवू नका. आजीचं काय झालं ते मी लहानपणी बघितलंय. उद्या रस्त्यात काही भलतंच ऐकू आलं आणि त्यांनी ब्रेक मारला तर?"

"तू त्यांच्याबरोबर बसून बघितलंस?"

"दोनदा. एकदा मी पुढे आणि हे मागे, एकदा हे पुढे आणि मी मागे. हे पुढे बसले तेव्हा तर बिचाऱ्यांचे गुडघे हनुवटीला लागत होते. काही म्हणजे काही आवाज नव्हता. बाबा सारखे विचारत होते, आला का, आला का? शेवटी मला तर रडूच यायला लागलं." ती उठली. "तू बस तिथे आरामात, मी चहा टाकते."

'तिथे' म्हणजे एका नव्या कोऱ्या आरामखुर्चीत. आत्या बसली आणि खाली रुतलीच. खुर्ची भारी होती. जाड गादी, लाकडी हात आणि शेवाळी हिरवं कापड.

तेवढ्यात जावई आतून आले. हे गृहस्थ उंच, भिडस्त आणि सासऱ्यांना मनापासून मानणारे. आत्या त्या खुर्चीत बसलेली दिसताच त्यांच्या चेहऱ्याचा रंग जरा बदलला.

"छान आहे हो खुर्ची, जावईबापू."

"हो... म्हणजे... हिला वाढदिवसाला."

स्वयंपाकघरातून लेकीचा आवाज आला, "सरप्राईज होतं गं! आई-बाबा लग्नाला बाहेरगावी गेले होते ना, तेव्हाच माझा वाढदिवस आला. मी शाळेतून आले तर खुर्ची हजर!"

"कशातून आणलीत एवढी मोठी?"

"टेम्पोतून," जावई म्हणाले. प्रश्न पुरता संपायच्या आधीच म्हणाले.

डोकं टेकायच्या जागी घातलेला कपडा नीट करण्याच्या निमित्तानं तिनं खुर्चीच्या पाठीमागे हात फिरवला. खुर्ची भिंतीला अगदी चिकटवून ठेवलेली होती, आणि भिंतीकडच्या कोपऱ्यावर कापड चांगलं बोटभर फाटून सूत बाहेर आलं होतं.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. पण चोरी नक्की कसली, ते अजून आत्यालाही कळलं नव्हतं. खुर्ची आणि खडखडाट यांचं नातं काय? चहा पिऊन ती उठली आणि सवयीनं गुडघे झटकायला वाकली. आता तिथे धूळ नव्हती, पण हात तिथेच थबकला. सकाळची धूळ तिला आठवली, गॅरेजवाल्याचं 'गुडघे पोटाशी घेऊन' आठवलं, लेकीचं 'हनुवटीला' आठवलं.

"अगं बाई," ती स्वतःशीच म्हणाली, "सगळ्यांचेच कसे काय टेकतात?"

५

संध्याकाळी दादा आणि वहिनी अंगणात बसले होते. आत्यानं खुर्ची ओढून घेतली.

"मला एक सांगा. गाडीतली बाजूची सीट इतकी पुढे कुणी घेतलीय?"

"हिनं," दादा म्हणाले.

"यांनी," वहिनी म्हणाल्या.

दोघंही एकाच दमात बोलले आणि मग एकमेकांकडे बघत राहिले.

"मी कशाला घेईन?" वहिनी म्हणाल्या. "लग्नाहून परत आलो, बघते तर सीट पुढे. मला वाटलं, मी ठेंगणी, मला समोरचं नीट दिसावं म्हणून यांनी घेतली असेल. पिशवी कप्प्यावर नुसती चेपून बसते मी. पण म्हटलं, यांनी एवढ्या मायेनं केलंय, तर कशाला बोला."

"आणि मला वाटलं हिनंच घेतली," दादा म्हणाले. "एकदा धूळ झाडताना मागे सरकवायला गेलो, सरकेना. दांडा नुसता लुळा. म्हटलं, हिला पुढे बसायला आवडतं, हिनंच पक्की करून घेतली असेल. असेना का."

"अहो, मला गुडघे हलवता येत नाहीत!"

"मग बोलायचं नाही का, अगं?"

"तुम्ही तरी कुठे बोललात?"

आत्या पोट धरून हसली. लग्नाला इतकी वर्षं झाली आणि दोघांचं प्रेम असं, की एकमेकांचं मन मोडू नये म्हणून गुडघे मोडून घेत होते. पण हसता हसताच तिच्या डोक्यात सगळं जुळत आलं होतं. फक्त खात्री करायची राहिली होती. आणि त्यासाठी तिला दादांकडे अशी एक गोष्ट मागायची होती, जी या घरात आजवर कुणी मागितली नव्हती.

"दादा, उद्या सकाळी गिऱ्हाईक यायच्या आधी मला एक चक्कर मारून आण. मी मागे बसेन. पुढे कुणी बसायचं नाही."

दादांची मान खाली गेली.

"तू पण?" ते म्हणाले. "जाता जाता ड्रायव्हर करूनच सोडणार का मला?"

६

आत्याला रात्रभर वाईट वाटत राहिलं. भावाच्या कुठल्या जागेवर आपण बोट ठेवलं, ते तिला ठाऊक होतं. साहेबांच्या गाडीत दादा किती वर्षं पाठीमागून 'थांब' आणि 'चल' एवढंच ऐकत होते. रस्त्यात भेटलेल्या बहिणीशी दोन शब्द बोलायची त्यांना मुभा नव्हती. एकदा तर बाजारात आत्यानं हाक मारली आणि दादांना सरळ समोर बघत पुढे जावं लागलं होतं. म्हणून तर ही महाराणी, आणि म्हणून तो नियम.

सकाळी ती बाहेर आली तेव्हा दादा गाडीशी उभे होते. दाढी केलेली होती. त्यांनी मागचं दार उघडून धरलं.

"दादा, दार मी उघडते रे."

"बस." मग जरा थांबून म्हणाले, "तू आहेस म्हणून."

आत्या मागे बसली. सोबत तिनं लांब दांड्याची छत्री घेतली होती. आभाळ निरभ्र होतं, त्यामुळे दादांनी छत्रीकडे एकदा पाहिलं, पण विचारलं नाही. बाजूची सीट रिकामी होती. गाडी गल्लीतून निघाली, मोठ्या रस्त्याला लागली, वेग घेतला.

खुळखुळखुळखुळ.

आत्या सीटवरून अर्धी उठली. किती स्वच्छ, किती नालायक, किती गोड आवाज होता तो! समोरून, काचेखालून आल्यासारखा. चिंचोके म्हणजे अगदी चिंचोके.

"दादा!"

"तुला..." दादांनी आरशात तिच्याकडे पाहिलं. "तुला येतोय?"

"येतोय रे, येतोय! कान किटले माझे! आता तू फक्त समोर बघ, आणि काही झालं तरी हात सोडू नकोस."

तिनं छत्री उलटी धरली, दोन सीटांच्या मधून पुढे घातली आणि तिची मूठ डॅशबोर्डच्या कप्प्याच्या झाकणावर दाबली. आवाज टपकन थांबला. मूठ उचलली, खुळखुळ सुरू. पुन्हा दाबली, गाडी गप्प.

दादांनी गाडी हळूहळू रस्त्याच्या कडेला घेतली, इशारा दिला, ब्रेक लावला, इंजिन बंद केलं. सगळं शिस्तीत. आणि मग स्टिअरिंगवर डोकं टेकून ते लहान मुलासारखे हुंदके देऊन रडले. आत्यानं मागून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तिचेही डोळे वाहत होते.

"मला वाटलं, आईसारखंच..." दादा म्हणाले.

"मलाही तेच वाटत होतं रे," आत्या म्हणाली. इतक्या वर्षांत ती हे पहिल्यांदाच बोलत होती.

७

दोघं परतले तेव्हा दारात गर्दी होती. वहिनी, लेक, जावई, मुद्दाम बोलावून घेतलेला गॅरेजवाला, आणि वेळेआधीच टपकलेलं गिऱ्हाईक. गिऱ्हाईकाला आत्यानं अंगणातली खुर्ची दिली. "बसा. गाडी मिळायची नाही, पण हकिकत मिळेल."

मग तिनं सगळ्यांना महाराणीभोवती उभं केलं.

"या आवाजाला साक्षीदार एकच होता, आणि आपण सगळे त्याच्याविरुद्ध साक्ष देत होतो. का? कारण आपणच आवाज बंद करत होतो. ही सीट पुढे येऊन अडकलेली आहे. तिच्यावर कुणीही बसलं, की त्याचे गुडघे या कप्प्याच्या झाकणाला टेकतात. वहिनींची पिशवी टेकते. झाकण दाबलं गेलं की वाजत नाही. गॅरेजमध्ये दादा स्वतः बाजूला बसले, तेव्हा त्यांच्याच गुडघ्यांनी तो बंद केला. सीट रिकामी असली, की झाकण मोकळं. म्हणजे आवाज ऐकू येणार कुणाला? एकट्या गाडी चालवणाऱ्याला."

"पण मागे बसणाऱ्यालाही येईल की," गिऱ्हाईक म्हणालं. त्याला आता चांगलाच रस वाटू लागला होता.

"येईल. पण पुढची जागा रिकामी ठेवून या गाडीत मागे कुणी बसतच नाही. का, ते आमच्या घरातलं आहे, सांगणार नाही. आणि चालवणाऱ्याचे हात स्टिअरिंगवरून सुटत नाहीत, त्यामुळे त्यानं चाचपून बघायचा प्रश्नच नव्हता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तशी गत."

लेक सुन्न होऊन ऐकत होती. "पण झाकण सैल झालं कशानं? आणि सीट कुणी अडकवली?"

"दोन्ही एकाच वेळी, एकाच माणसानं," आत्या म्हणाली आणि वाकून सीटच्या दांड्यातून हिरवा झुबका उपसून तिनं तळहातावर घेतला. "शेवाळी हिरवा. टेम्पोत लागलेला नाही हा."

जावयांनी इतका वेळ तोंडात मिठाची गुळणी धरली होती. आता ते पुढे आले. कान लालबुंद झाले होते.

"झाडांना पाणी घालायला घराच्या किल्ल्या माझ्याकडे होत्या. त्यात गाडीचीही होती. टेम्पोवाला आयत्या वेळी आला नाही. मला वाटलं, एकच फेरी, बाबांना कळणारही नाही. खुर्ची मागे मावेना. सीट पुढे ओढली, तिची पाठ पुढे दुमडली आणि खुर्ची आत रेटली. तेव्हा पुढे कुठेतरी कट्ट झालं, आणि दांडा लुळा पडला. सीट परत मागे जाईना. पाठ तशीच कप्प्यावर दुमडलेली ठेवून गाडी परत आणली आणि इथे येऊन सरळ केली. बाबा रागावतील म्हणून बोललो नाही." त्यांनी दादांकडे बघायचा प्रयत्न केला. "पण आवाजाचं मला खरंच ठाऊक नव्हतं हो. मला तो कधी ऐकूच आला नाही. माहीत असतं, तर तुम्हाला असं... मी तेव्हाच पायाशी येऊन बसलो असतो."

"ते खरं आहे," आत्या म्हणाली. "त्यांचे गुडघे तर सगळ्यांत लांब."

गॅरेजवाल्यानं तोवर कप्पा उघडून झाकण बाजूला ओढून बघितलं होतं. "हे बघा! बिजागरीचा खालचा कान फुटलाय. सीटची पाठ आदळली असणार. बंद केलं की वरून चांगलं दिसतं, खालून लोंबतं. आणि मी मूर्ख मीटरच्या मागे शोधतोय!"

सगळे दादांकडे बघत होते. महाराणीला परवानगीशिवाय हात लावणारा माणूस त्यांच्यासमोर उभा होता, आणि दादांचा राग घरात प्रसिद्ध होता. दादा जावयापाशी गेले. त्यांनी त्याचे दोन्ही खांदे धरले.

"जावईबापू," ते म्हणाले, "तुम्ही माझी गाडी मोडलीत. तिच्याऐवजी माझं डोकं मोडलं असतं, तर कुठल्या गॅरेजात नेलं असतंत? गाडीच मोडली ना? बेस्ट झालं!"

आणि त्यांनी जावयाला मिठी मारली. लेक येऊन बापाच्या पाठीला बिलगली. "बाबा, चुकलं माझं," ती म्हणाली. दादा म्हणाले, "तू घाबरलीस. मीही घाबरलो होतो. त्यात चूक कसली?"

दुरुस्ती दुपारपर्यंत झाली. गॅरेजवाल्यानं झाकण काढून नेलं, फुटक्या कानाच्या जागी पितळी पट्टी बसवली, तिच्यात नवी खीळ घातली, आणि झाकणाच्या कडेनं नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, बारीक पट्टी चिकटवली. सीटच्या दांड्याची तार बदलली आणि सीट सरसर मागे गेली. वहिनी तिच्यावर बसल्या आणि त्यांनी पाय लांब केले. एखादी बाई सिंहासनावर बसून इतकी खूश झाली नसती. गिऱ्हाईक शेवटपर्यंत हललं नाही. चहा पिऊन, सगळ्यांना नमस्कार करून मग ते गेलं.

"आता एक चक्कर मारून बघा," गॅरेजवाला म्हणाला.

लेक पुढे बसायला निघाली, तर दादांनी तिला हातानं थांबवलं. "नको. एकटाच जातो."

महाराणी गल्लीच्या टोकाला वळली. दहा मिनिटांत यायला हवी होती, ती आली नाही. अर्धा तास झाला. जावई फाटकाशी येरझाऱ्या घालायला लागले. वहिनींनी देवाचं नाव घेतलं. लेक म्हणाली, "आत्या, पुन्हा काही ऐकू तर आलं नसेल ना?" आत्यानं तिला गप्प केलं, पण तीही गल्लीच्या टोकाकडे बघत राहिली.

ऊन कलायला लागलं तेव्हा महाराणी सावकाश येऊन फाटकाशी थांबली. दादा उतरले. आत्या धावतच पुढे गेली.

"कुठे होतास इतका वेळ? आम्ही इथे काळजीनं अर्धे झालो! काय झालं?"

"काही नाही गं. टेकडीवर गेलो, हायवेला गेलो, नदीच्या खड्ड्यांतल्या रस्त्यानं गेलो. गावात जेवढे रस्ते आहेत तेवढ्यांवरून फिरलो."

"आणि?"

दादांनी गाडीचं दार हळूच लावलं. त्यांच्या चेहऱ्यावर असं सुख होतं, की आत्याला आपला लहानपणचा भाऊ दिसला.

"काहीच ऐकू आलं नाही," ते म्हणाले. "एकट्याला. काहीच नाही."